जानेवारीत नको, ऑगस्टच्या शेवटी जा

ताई,

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओची पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, हातात आली आहे, मुलं आठ आणि पाच वर्षांची आहेत, जानेवारीची तिकिटं स्वस्त दिसताहेत आणि आंजर्ल्याच्या घराला कुलूप लावून निघायचं आहे. तर कधी निघावं, काय न्यावं, मुलं रुळतील का? आणि शेवटी, माझ्या जाऊबाईंकडे खाल्लेल्या भोपळ्याच्या ब्रेडची कृती. ही तुम्ही जरा संकोचूनच विचारलीत, पण माझं निम्मं उत्तर त्या ब्रेडमध्येच आहे.

मी अकरा वर्षं ऑन्टॅरिओतल्या किचनरला राहते. सध्या केळशीत आहे, कारण घर बांधायला काढलंय. पाऊस सरला, दसऱ्याला कुदळ मारली, आता जोत्यावर चिऱ्याचे तीन थर चढलेत. गोठ्याच्या पडवीत तात्पुरता संसार मांडलाय: दोन खाटा, गॅसची शेगडी आणि दापोलीहून आणलेला ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन. चिरे तासण्याची लाल धूळ सगळ्यावर बसते, ब्रेडच्या कागदावरसुद्धा.

आधी तारखेचं. आम्ही जानेवारीत उतरलो होतो. बाहेर उणे अठरा आणि संध्याकाळी साडेपाचला मिट्ट काळोख. शेजारी कोण राहतं हे मला एप्रिलमध्ये कळलं. मुलीला अर्धं वर्ष उलटलेल्या वर्गात बसवलं, तिथे सगळ्यांच्या जोड्या सप्टेंबरातच जमलेल्या होत्या. ती जूनपर्यंत डबा एकटी खात होती. हे तिने मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून सांगते, जमत असेल तर ऑगस्टच्या शेवटी पोहोचा. तिकडे सप्टेंबरचा पहिला सोमवार लेबर डेच्या सुट्टीचा असतो, त्यानंतर शाळा भरतात. तेव्हा वर्गात सगळेच नवे असतात. हवा मऊ असते, पायी हिंडता येतं, बँक, बस, डॉक्टर, गाडीचा परवाना ही कामं अंगात लोकरी कपडे न चढवता उरकतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि संध्याकाळ एकाएकी नाहीशी होते. त्याच्या आत चार माणसं ओळखीची झालेली असली की हिवाळा काढता येतो.

एक मात्र आधी बघा. तुमच्या पीआरच्या कागदावर एक मुदत छापलेली असते, ती बहुधा वैद्यकीय तपासणीपासून वर्षभराची असते. त्या तारखेच्या आत जावंच लागतं, तिथे माझा सल्ला कामाचा नाही. मुदत कमी असेल तर अर्ज ज्यांच्या नावाचा त्यांनी पुढे जावं. तुम्ही आणि मुलं त्यांच्याबरोबर किंवा मुदतीत मागाहून जाऊ शकता, त्यांच्या आधी नाही.

आता ब्रेड. ऑक्टोबरात तिकडे प्रत्येक दारात भोपळ्यांची रास असते. दुसऱ्या सोमवारी थँक्सगिव्हिंग, 31 तारखेला हॅलोविन. आमच्या पहिल्या ऑक्टोबरात पलीकडच्या घरातल्या आजीबाई फॉइलमध्ये गुंडाळलेला गरम लोफ घेऊन आल्या. फॉइल उघडलं आणि मी दारातच उभी राहिले. दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ. घारग्यांच्या पिठाचा वास, फक्त बटबटीत. तिकडे हे चारही एकत्र दळून ‘पम्पकिन पाय स्पाइस’ म्हणून डबीत विकतात. आपल्याकडे जायफळ सुपारीच्या वाडीत, पोफळींच्या सावलीत वाढतं, आणि दालचिनीची ‘कोकण तेज’ ही जात तर आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची. त्या संध्याकाळी सासूबाईंना फोनवर लोफ दाखवला. त्या म्हणाल्या, ‘‘अगो, हे तर धोंडसच. तवशाऐवजी भोपळा घातलाय, एवढंच.’’ खरंच आहे. धोंडस म्हणजे तवशाचा, मोठ्या काकडीचा, गोड केकच. खाली विस्तव, झाकणावर विस्तव ठेवून आपण जे भाजतो, तेच ते लोक ओव्हनमध्ये भाजतात. त्या दिवसापासून किचनर मला परकं वाटेनासं झालं. मुलीने पुढच्या आठवड्यात तसाच लोफ माझ्याबरोबर केला आणि आजीबाईंना नेऊन दिला. त्यांची नात तिच्याच शाळेत होती. मुलं रुळतील का, याला माझ्याकडे हेच उत्तर आहे: तिथल्या ऋतूत तिथे पिकतं ते घरात शिजू द्या आणि मुलांच्या हाती शेजारी पाठवा.

कृती अशी. तिकडे कोरून दिवा करायचे मोठे भोपळे घेऊ नका, ते पाणचट आणि धाग्याधाग्याचे असतात. लहान ‘शुगर पम्पकिन’ घ्या. किचनरशेजारच्या वॉटर्लूजवळ सेंट जेकब्सचा बाजार आहे, तिथे शेतकरी स्वतः विकायला बसतात. दोन भाग करून पालथे घाला, 400 फॅरनहाइटवर पाऊण तास भाजा आणि गर चमच्याने खरवडा. डबाबंद घेतलात तर ‘प्युरी’ बघून घ्या. ‘पाय फिलिंग’च्या डब्यात साखर आणि मसाला आधीच असतो, मी पहिल्या वर्षी तोच आणला आणि लोफ खाण्याजोगा राहिला नाही.

इथे आपला लाल भोपळा वापरायचा तर कुकरमध्ये शिजवू नका, पाणी पितो. अर्धा किलो भोपळा किसून झाकणाखाली त्याच्याच वाफेवर शिजवा, झाकण काढून आटवा, मग पंचात बांधून तासभर टांगून ठेवा. पंचाखालच्या वाटीत पिवळं पाणी साठेल, ते आमटीला वापरा. एक कप घट्ट गर उरतो. त्यात एक कप किसलेला गूळ, अर्धा कप तेल आणि दोन अंडी फेटा. सासूबाईंसाठी मी अंड्यांऐवजी अर्धा कप दही घालते. पावणेदोन कप पीठ, निम्मा मैदा आणि निम्मी कणीक. एक चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ, दीड चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा सुंठ, अर्धं जायफळ किसून, दोन लवंगा कुटून. पीठ पडल्यावर फार ढवळायचं नाही. 180 अंशांवर, म्हणजे तिकडच्या ओव्हनच्या 350 वर, साधारण तासभर. ओटीजीची वरची कांब जवळ असते, म्हणून चाळीस मिनिटांनी वर फॉइल टाका. काडी कोरडी निघाली की झाला. इथल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी संपवावा लागतो, तिकडे चार दिवस राहतो. काल चारच्या चहाला गवंड्यांना दिला, त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, ‘‘घारग्यावानी लागतंय.’’

आता कुलपाचं, आणि हे मी कळकळीने सांगते. आमचं जुनं घर 3 जून 2020 ला निसर्ग वादळात गेलं. त्या मार्चपासून विमानं बंद होती, आम्ही किचनरला बसून फोनवर बघितलं: कौलं उडालेली, वासे उघडे, पोफळी ओळीने आडव्या. सासूबाईंना आदल्या संध्याकाळी शाळेत हलवलं होतं म्हणून त्या आज आहेत. मग बांधायला काढलं तर सातबाऱ्यावर आजेसासऱ्यांचं नाव. त्यांना जाऊन वीस वर्षं झालेली, वारस नोंद कोणी केलेली नव्हती. वारस पाच, तीन शहरांत आणि दोन देशांत. सह्या गोळा होईस्तोवर चार पावसाळे गेले. त्यातल्या दोन पावसाळ्यांत उघड्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या.

तेव्हा ऑगस्टपर्यंतचा वेळ यात घाला. तलाठ्याकडे जाऊन सातबारा आणि फेरफार बघा, वारस नोंद करून घ्या. घरपट्टीचा उतारा कोणाच्या नावाने आहे तेही बघा. मागे राहणाऱ्या विश्वासाच्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र इथेच रजिस्टर करून जा. तिकडून केलंत तर ते आधी तिथे साक्षांकित करावं लागतं, आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्यावं लागेल. आणि हे यजमानांना जरूर सांगा: परदेशी गेल्यावर इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, तिकडचं नागरिकत्व घेऊन ओसीआय (परदेशस्थ भारतीय) झाल्यावरही नाही. वारशाने आलेली मात्र राहते. म्हणून वाडीत तुमचा वाटा असेल तर त्यावर नाव आत्ताच लागू द्या.

घर पुढे कधी बांधाल तेव्हा छपराकडे लक्ष द्या. आमच्या गवंड्याने भिंतीच्या माथ्यावर सळईचा सिमेंटचा पट्टा धरलाय आणि त्यात बोल्ट सोडलेत, त्यांना छपराच्या लोखंडी कैच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाडे, आवळायच्या. वर कौलंच घालणार, पण आता वारा छप्पर उचलणार नाही.

सामानाचं फार सांगण्यासारखं नाही. मिक्सर नेऊ नका, तिकडे वीज 120 व्होल्टची आहे, इथला नीट चालत नाही. मुलांची लसीकरणाची नोंद डॉक्टरांकडून इंग्रजीत घ्या, शाळा मागते. बरोबरच्या आणि मागाहून येणाऱ्या सामानाची यादी करून पहिल्याच दिवशी विमानतळावर कस्टमला द्या, दागिन्यांचे फोटो जोडा. पितळी सोऱ्या आणि घावन्यांचा बिडाचा तवा मात्र जड असला तरी न्या.

मी कार्तिकी एकादशीपर्यंत केळशीत आहे. तिकिटं काढायच्या आधी एक दिवस पीआरचे कागद आणि सातबारा घेऊन या, बसून बघू. भोपळे खाटेखाली चार ठेवलेत, मुलांना घेऊन आलात तर एक कापू.