शो संपल्यानंतरचे ते तीन-चार तास

"मॅडम, लोकांना हसवणारी माणसं आतून दुःखीच असतात म्हणतात, ते खरं काय हो?" गोव्यातल्या फोंड्याकडच्या एका गावातली आई सल्ल्यासाठी माझ्याकडे आली आणि खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने हे विचारलं. मुलगा 27 वर्षांचा. जत्रेतल्या नाटकात विनोदी भूमिका करता करता रील्स करायला लागला, एक रील जोरात चालली आणि वर्षभरात कळंगुट-बागाकडच्या हॉटेलांत शो, लग्नांत अँकरिंग, सगळं एकदम सुरू झालं. (त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.) हाच प्रश्न बरेच पालक विचारतात, कलाकारांच्या बायकाही विचारतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूया.

लोक लगेच हॉलिवूडचे विनोदी नट रॉबिन विल्यम्स यांचं नाव घेतात. ते 2014 मध्ये गेले, त्यांना नैराश्याचा आणि व्यसनाचा त्रास होता हे खरं, पण मरणोत्तर तपासणीत त्यांच्या मेंदूत लेवी बॉडी डिमेन्शिया हा मेंदूच्या पेशी बिघडवत नेणारा आजार निघाला, म्हणजे हसवणारा होता म्हणून दुःखी होता, इतकं सोपं ते प्रकरण नव्हतं. मी कपिल शर्माचं उदाहरण जास्त देते. ऐन प्रसिद्धीत नैराश्य आणि दारूने घेरलं होतं हे त्याने स्वतःच उघडपणे सांगितलंय, 2017 मध्ये त्याचा शो थांबला आणि 2018 च्या शेवटी परत सुरू झाला. आईला मी एवढंच म्हटलं, विनोद हा आजार नाही, पण त्या धंद्याच्या वेळा माणसाला आजारी पाडू शकतात.

पुढच्या आठवड्यात तो आला. पहिली 20 मिनिटं प्रत्येक उत्तराला पंच, मी हसले की नाही हे बघायला डोळे वर, आणि टेबलावर पालथा ठेवलेला फोन दर मिनिटाला सुलटा करून परत पालथा. मी म्हटलं, "इथे मला हसवलं नाहीस तरी चालेल हं." तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "मॅडम, काकांच्या बाराव्याला एकाने मला म्हटलं, एखादा जोक मार रे, वातावरण हलकं होईल. मी नाही म्हटलं. तर म्हणाले, हा आता माजला." हे सांगताना त्याचे डोळे भरले. काका त्याला लहानपणी खांद्यावर बसवून नाटकं बघायला न्यायचे.

मग दिवस कसा जातो ते तासातासाने लिहून काढलं. शो साडेअकराला संपतो, परत येताना गाड्यावर रॉस ऑम्लेट पाव, सोबत दोन बियर, घरी एक वाजता, मग फोन. हजार चांगल्या कमेंट असल्या तरी वाईट तीन परत परत वाचायच्या. झोप कधी लागते विचारलं तर म्हणाला, "पोदेराचा भोंपू वाजला की." म्हणजे पाववाला येतो तेव्हा, पहाटे! दुपारी उठून कडक कॉफी, शोच्या आधी एनर्जी ड्रिंक. मधे एकदा छाती इतकी धडधडली की हार्ट अटॅक समजून रात्री इस्पितळात नेला, इसीजी नॉर्मल निघाला आणि "टेन्शन घेऊ नको" सांगून घरी पाठवला. टेन्शन घेऊ नको म्हणजे काय करू, हे कोणी सांगितलंच नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

मी त्याला फिजिशियनकडे पाठवलं, बीपी थोडं चढलेलं होतं. नैराश्याची लक्षणं तपासली, त्या वेळी तरी तसं नव्हतं. (जगावंसंच वाटत नाही असे विचार कोणाला येत असतील तर थांबू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो.) त्याला समजावलं की स्टेजवर शरीर धावायच्या तयारीत असतं, पडदा पडला म्हणून ते लगेच शांत होत नाही, त्याला उतरायला वेळ लागतो, आणि तोच वेळ तू बियर आणि कमेंटनी भरतोयस. दारूने डोळा लवकर लागतो पण नंतर झोप मोडत राहते. कॅफिनचं तर निम्मं उतरायलाच साधारण 5 तास जातात, म्हणजे रात्री नऊचं एनर्जी ड्रिंक दोन वाजताही अंगात आहेच की.

मग आम्ही बदलल्या त्या गोष्टी छोट्याच. जेवण शोच्या आधी, सात वाजता. परत आल्यावर भूक लागली तर उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, आई झाकून ठेवते. शोच्या रात्री फोन बहिणीकडे, कमेंट दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा तास. दुपारनंतर कॉफी बंद. दारू त्याने एकदम सोडली नाही, शोच्या रात्री नाही एवढं ठरलं, आणि ते पाळायला त्याला सगळ्यात जड गेलं.

पण खरा फरक घुमटाने, म्हणजे आरतीला वाजवतात त्या मातीच्या वाद्याने, पडला असं मला वाटतं. चवथीच्या (गणपतीच्या) आरत्यांसाठी गावात सोमवारी सराव असतो, प्रसिद्ध झाल्यापासून हा गेलाच नव्हता, सेल्फीला कंटाळून. मी म्हटलं एकदा जाऊन बघ. पाय जमिनीवर असणं म्हणजे कोणी म्हटलं की लगेच जोक मारणं नव्हे रे, तू आधी जो होतास तो ज्यांना माहीत आहे त्यांच्यात जाऊन बसणं. आणि कोणी मागितलाच तर काय म्हणायचं ते वाक्य आम्ही बसून पाठ केलं: "शोला या, आज मी घरचा."

पहिल्याच सोमवारी तिथल्या म्हाताऱ्या आजोबांनी सगळ्यांसमोर झापला, ताल चुकतोय, लक्ष कुठे आहे तुझं? मला हे सांगताना तो हसत होता आणि मी हसतेय का ते बघायला त्याने मान वर केली नाही.

डिसेंबरात गडबड झाली, रोज शो, सगळं घसरलं, जानेवारीत परत आला, परत पहिल्यापासून तासातासाचं लिहून काढलं. आता त्याला बहुतेक रात्री अडीचला झोप लागते. यंदाच्या सीझनसाठी नोव्हेंबरातलं एक सेशन त्याने आत्ताच मागून घेतलंय, सोमवार सोडून कधीही चालेल म्हणाला.