सूत्र संपतं तिथून संगणक

प्रश्न : तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवते. अभ्यासक्रमात आता पायथॉन ही संगणकाची भाषा आलीय. आम्हा तिघांचं छोटं प्रशिक्षण झालं, त्यात नुसती भाषेची ओळख झाली. वर्गात नेमकं काय करू?
– एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, आधी भाषा नीट येऊ दे, मग शिकवू, असं म्हणत थांबू नका. वर्षानुवर्षं शिकवत आलेलं एकच गणित उचला. मी साधा दोलक घेईन. फळ्यावर आपण कोन लहान मानतो, साइन थीटाच्या जागी थीटा (म्हणजे कोनच) लिहितो आणि सुटतो. १ मीटरच्या दोलकाचा दोलनकाल येतो २.०१ सेकंद. तोच ९० अंशांवरून सोडला तर ते सूत्र चालत नाही, २.३७ सेकंद लागतात. हा फरक मुलांना संगणकावर स्वतः काढू द्या.

लूप, म्हणजे संगणकाने पुन्हा पुन्हा करायच्या पायऱ्या, चार-पाच ओळींचं. दर ०.०१ सेकंदाला आधी त्वरण काढा, मग जुन्याच वेगाने कोन बदला, मग वेग. मुद्दाम असंच करा. दोलक दर झोक्याला जास्त वर चढतो आणि कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ही ऊर्जा आली कुठून?" उत्तर लगेच देऊ नका, वाद होऊ द्या. मग शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल करा : वेग आधी, नव्या वेगाने कोन. ऊर्जा ताळ्यावर येते, म्हणजे ती वाढ आपल्या हिशेबाच्या पद्धतीतली होती. ऊर्जेच्या अक्षय्यतेवर इतका जिवंत तास मला दुसरा माहीत नाही.

अमेरिकेत 'पिकप' हा भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांचाच गट नेमकं हेच काम करतो. त्यांच्या कार्यशाळेत शिक्षक आपापल्या वर्गासाठी सराव तयार करतात. इतर प्राध्यापकांनी तपासलेले सरावसंच त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, हवे तसे बदलूनही घेता येतात. प्रशिक्षण असं हवं! पुढच्या वेळी आयोजकांकडे तशी मागणी जरूर करा. भाषेपुरतं म्हणाल तर आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' हे व्हिडिओ धडे पुरेत.

तोवर तुम्ही तिघं मिळून सुरुवात करा. एकेकाने एकेक गणित घ्यावं आणि बाकी दोघांनी त्या तासाला मागच्या बाकावर बसावं. लॅबमध्ये संगणक कमी असतील तर एका संगणकावर दोघं-तिघं चालतील, उलट बोलणं जास्त होतं. आणि जर्नलमध्ये नुसता प्रिंटआउट चिकटवून घेऊ नका. आलेख तसा का आला, हे त्याखाली मुलांच्या हाताने, त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. गुण त्यालाच द्या.