तुम्ही नेमके एक भाग आधी थांबलात

तुमचा प्रश्न असा आहे: "स्टार ट्रेकची मूळ मालिका जीव लावून पाहिली. 1973 ची कार्टून मालिका मात्र पहिल्या भागाच्या अर्ध्यातच बंद केली. चित्रं हलतच नाहीत, नुसते ओठ हलतात. तरी जुने चाहते ती पुन्हा पुन्हा का पाहतात? वेळ द्यावा असं त्यात खरंच काही आहे का?"

आहे. आणि चित्रांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, हे आधी मान्य करतो.

मी सांगलीत जनावरांचा डॉक्टर आहे. सध्या आम्ही चौघं ही मालिका दुसऱ्यांदा पाहतोय. मी, मिरजेचा रेल्वेतला एक मित्र, एका शाळेत चित्रकला शिकवणारे सर आणि माझी पुतणी. दर शनिवारी रात्री विश्रामबागेत सरांच्या घरी एक भाग. बावीस-तेवीस मिनिटांचा भाग आणि त्यानंतर भडंग खात दीड तास वाद, असा हिशोब असतो. शनिवार आम्ही मुद्दाम ठरवला, कारण अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ही मालिका शनिवारी सकाळी, मुलांच्या कार्यक्रमांच्या वेळात लागायची. 8 सप्टेंबर 1973 ला सुरू झाली आणि ऑक्टोबर 1974 मध्ये संपली. एकूण 22 भाग.

स्टार ट्रेक, म्हणजे एका अंतराळजहाजावरच्या मंडळींच्या मोहिमांची ती अमेरिकन मालिका. तिच्याशी माझी ओळख ऐंशीच्या दशकात झाली. दूरदर्शनवर रविवारी लागायचं. आम्ही गावभागात राहायचो आणि टीव्ही शेजारच्या काकूंकडे होता, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. पण परग्रहावरच्या स्पॉकची भुवई वर गेली की काहीतरी गडबड आहे, एवढं कळायचं. कॅप्टन कर्कचा शर्ट पिवळा, स्पॉकचा निळा आणि इंजिनिअर स्कॉटीचा लाल असतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर आमच्यासाठी सगळे राखाडीच होते.

आता चित्रांचं. ही मालिका फिल्मेशन कंपनीने केली. दूरदर्शनवरचा हीमॅन आठवतो ना, तीच कंपनी. हीमॅनमध्येही तोच धावतानाचा तुकडा, तोच वळून पाहण्याचा तुकडा आलटून पालटून यायचा. पैसे वाचवायचे तर एकदा काढलेलं चित्र दहादा वापरायचं, अंग स्थिर ठेवायचं आणि फक्त ओठ-डोळे हलवायचे. रंगांचीही तक्रार आहे. क्लिंगॉन या शत्रूंचे पोशाख गुलाबी, ट्रिबल नावाचे केसाळ गोळ्यांसारखे प्राणी गुलाबी, मांजरासारख्या झिन्टींचे पोशाखसुद्धा गुलाबी! दिग्दर्शक हॅल सदरलँड यांना रंग नीट ओळखता येत नसत आणि रंग ठरवणाऱ्याला गुलाबी फार प्रिय होता, असं त्या स्टुडिओत काम केलेल्यांनीच पुढे सांगितलं आहे. पहिल्यांदा पाहताना हे डोळ्यांत खुपतं, त्यात तुमची काही चूक नाही.

पण सरांनी मला एक गोष्ट दाखवली. एका शनिवारी त्यांनी चित्र थांबवलं आणि म्हणाले, "माणसांकडे नको, मागे बघ." मागे स्पॉकच्या व्हल्कन ग्रहावरचं शहर होतं. लालसर आभाळ, निमुळते मनोरे, लांबवर वाळवंट. जलरंगात मन लावून रंगवल्यासारखं. मूळ मालिकेत असल्या ग्रहासाठी स्टुडिओत चार थर्माकोलचे दगड मांडून मागे रंगीत पडदा लावायचे, कारण पैसेच नसायचे. कागदावर मात्र शहर काढायला जेवढा खर्च, तेवढाच खोली काढायला. म्हणून इथे तीन हात आणि तीन पायांचा एरेक्स जहाज चालवायला बसतो. म्रेस नावाची मांजरीसारखी अधिकारी बोलता बोलता घशात गुरगुरते. तुम्ही अर्ध्यात सोडलेल्या पहिल्या भागातलं ते प्राचीन, किड्यांनी विणल्यासारखं प्रचंड जहाज खऱ्या सेटवर 1966 मध्ये उभंच राहिलं नसतं. त्या भागाचा शेवट तरी पाहून घ्या. जहाजाचा ताबा घेणारा तो जीव शेवटी एकटेपणाने विनवण्या करतो आणि जहाज त्याला तिथेच सोडून निघून जातं. मुलांच्या कार्टूनचा हा शेवट आहे, हे लक्षात घ्या.

आवाज बहुतेक मूळ नटांचेच आहेत. यामागेही एक गोष्ट आहे. खर्च वाचवायला उहुरा आणि सुलू या जहाजावरच्या दोन पात्रांचे आवाज दुसऱ्यांकडून काढून घ्यायचं चाललं होतं. स्पॉक झालेले लिओनार्ड निमॉय यांनी सांगितलं, की निशेल निकोल्स आणि जॉर्ज टकेई नसतील तर मीही नाही. मग दोघांना घेतलं. चेकॉव्ह झालेले वॉल्टर केनिग मात्र राहिलेच, पण त्यांनी एक भाग लिहून दिला. स्कॉटीचे जेम्स डूहान तर कितीतरी पात्रांचे आवाज काढतात. एका भागात ते किती जणांचं बोलतात हे मोजायचा खेळ आमच्यात चालतो आणि अजून कुणाचाही आकडा दुसऱ्याशी जुळलेला नाही. कर्क झालेले विल्यम शॅटनर काही भागांत कागद वाचून दाखवल्यासारखे वाटतात, तेही सांगून ठेवतो. पुढे पुढे सगळे नट एकत्र बसून बोललेलेच नाहीत, जो जिथे असेल तिथून रेकॉर्ड करून द्यायचा, आणि ते ऐकू येतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पहिल्या भागात थांबलात. दुसरा भाग "यस्टरयिअर", 15 सप्टेंबर 1973 चा. तो डी. सी. फाँटाना यांनी लिहिला. मूळ मालिकेत स्पॉकचे आई-वडील ज्या भागात पहिल्यांदा आले, तो "जर्नी टू बेबल" त्यांचाच. त्यात स्पॉकची आई सहज बोलून जाते, की लहानपणी त्याच्याकडे एक प्राणी होता, गुबगुबीत अस्वलासारखा. आणि स्पॉक शांतपणे भर घालतो, की त्याला सहा इंची सुळे होते. सहा वर्षांनी फाँटानांनी त्या एका वाक्यातून अख्खा भाग उभा केला.

कथा थोडक्यात सांगतो. शेवट कळला तरी बिघडणार नाही, मी तो नऊ-दहा वेळा पाहिलाय. स्पॉक भूतकाळाच्या एका मोहिमेवरून परत येतो तर कर्क सोडून जहाजावर कुणी त्याला ओळखत नाही. इतिहासात तो सात वर्षांचा असतानाच वाळवंटात मेलेला आहे. म्हणजे लहानपणी त्याला ज्या दूरच्या भावाने वाचवलं होतं, तो भाऊ म्हणजे तो स्वतःच होता आणि या खेपेला तो तिथे पोचलाच नाही. मग तो सेलेक नाव घेऊन आपल्याच घरी पाहुणा म्हणून जातो. तिथे पोरं त्या लहान स्पॉकला आई पृथ्वीवरची, म्हणून अर्धा माणूस म्हणत चिडवत असतात. वाळवंटात एकट्याने तग धरायची एक परीक्षा असते, पोरगं तिच्या दिवसाआधीच एकटं वाळवंटात निघतं आणि मागोमाग त्याचा म्हातारा सेलात, म्हणजे तोच अस्वलासारखा प्राणी, निघतो, आय-चाया. एक विषारी जनावर पोराच्या अंगावर येतं, आय-चाया मध्ये पडतो आणि त्याला विष लागतं. पोरगं रात्रीचं वाळवंट तुडवत वैद्याला आणायला जातं. वैद्य येतो, तपासतो आणि सांगतो, उशीर झाला. आयुष्य लांबवता येईल, पण वेदना राहतील. नाहीतर त्याला सोडवता येईल.

पहिल्यांदा हा भाग डीव्हीडीवर पाहिला तेव्हा मला तो कालप्रवासाचं कोडं म्हणून आवडला होता. कुठल्या बदलाने काय बदललं, एवढ्यातच मी रमलो होतो. आय-चाया मरतो ते वाईट वाटलं, पण तेवढंच.

पुढे काही वर्षांनी वाळवा तालुक्यातल्या एका गावातून एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे मामा मोटरसायकलवर कुत्रा घेऊन आले. पोत्यात गुंडाळलेला, वाघ्या नाव. उसाच्या बांधावर रात्री घोणस चावली होती, थोबाडावर. तोंड सुजून डोळा मिटला होता. प्रतिविष दिलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालतं तेच, माणसांना देतात तेच. पण चावून बारा तास उलटून गेले होते. घोणशीचं विष रक्त बिघडवतं आणि किडनीवर जातं. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. मुलगा तिन्ही दिवस शाळा बुडवून त्याच्याजवळ जमिनीवर बसलेला.

मी मामांना बाजूला घेतलं. पोराकडे पाठ करून, आवाज खाली आणून सांगितलं, की सलाइनवर दोन-चार दिवस काढतील, त्यापुढे काही नाही. मागून मुलगा म्हणाला, "सलाइन लावल्यावर त्येचं दुखायचं थांबंल का?"

मी म्हणालो, "नाही रे."

तो बराच वेळ वाघ्याच्या कानामागे खाजवत राहिला. मग म्हणाला, "मग नगं. सोडा त्येला."

त्या रात्री घरी येऊन मी "यस्टरयिअर" पुन्हा लावला. आणि जे आधी दिसलंच नव्हतं ते दिसलं. तिथे मोठा माणूस शेजारी उभा आहे, तरी वैद्य त्या सात वर्षांच्या पोराशी बोलतो. प्राणी तुझा, निर्णय तुझा. आवाज खाली आणत नाही, पाठ फिरवत नाही. आणि पोरगं म्हणतं, सोडवा. लेखिकेला हे माहीत होतं. इतकी वर्षं जनावरांची डॉक्टरकी करून मला माहीत नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे कुणी लेकरू जनावर घेऊन आलं, की जे सांगायचं ते मी त्याच्यासमोर खाली बसून त्यालाच सांगतो. मोठ्यांना नंतर.

शनिवारी सकाळच्या मुलांच्या कार्यक्रमात पाळीव प्राणी मारायचा, याची वाहिनीला धास्ती होती. फाँटाना आणि स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरी मागे हटले नाहीत. प्राणी जादूने बरा केला असता तर कुणाला काही वाटलं नसतं आणि आज पन्नास वर्षांनी हा भाग कुणाच्या लक्षातही राहिला नसता. शेवटी कर्क विचारतो, काही बदललं का? स्पॉक सांगतो, एक पाळीव प्राणी मेला. कर्क म्हणतो, काळाच्या ओघात त्याने फारसा फरक पडणार नाही. स्पॉकचं उत्तर असं, की कुणाला तरी पडूही शकतो. बस, एवढंच.

या प्रसंगात चित्रं हलत नाहीत हे मला आता उलट बरोबर वाटतं. सरांनीच ते ओळखलं: व्हल्कन लोक भावना दाखवत नाहीत, त्यांचा चेहरा हलायचाच नसतो. फिल्मेशनची जी कमतरता कर्कच्या चेहऱ्यावर लंगडी पडते, तीच त्या पोराच्या चेहऱ्यावर घट्ट बसते.

बाकीच्या भागांत उजवं-डावं भरपूर आहे. लॅरी निव्हन यांचा "द स्लेव्हर वेपन" जरूर पाहा, त्यात कर्क नाहीच. "द प्रॅक्टिकल जोकर"मध्ये जहाजावर हवं ते दृश्य उभं करणारी खोली येते, पुढच्या मालिकांतल्या होलोडेकची आधीची आवृत्ती. "बेम"मध्ये कर्कचं मधलं नाव टायबेरियस असल्याचं पहिल्यांदा कळतं. "अल्बट्रॉस"मध्ये डॉक्टर मॅकॉयवर जुन्या साथीतल्या मृत्यूंचा आरोप येतो, तो मला माझ्या धंद्यामुळे जवळचा. "हाउ शार्पर दॅन अ सर्पंट्स टूथ" ज्या मोसमात दाखवला गेला, त्या मोसमानंतर, 1975 मध्ये, मालिकेला एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं. मूळ मालिकेच्या 79 भागांना जे कधी मिळालं नव्हतं, ते या कार्टूनने मिळवलं. "वन्स अपॉन अ प्लॅनेट" खुशाल सोडा, मूळ मालिकेतल्या एका छान भागाचं पाणी घातलेलं रूप आहे ते.

या कार्टून मालिकेला खरं स्टार ट्रेक मानायला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रॉडनबेरींच्या कार्यालयानेच नकार दिला होता. तरी टायबेरियस हे नाव 1991 च्या चित्रपटात आलंच आणि 2009 च्या चित्रपटात व्हल्कन पोरं लहान स्पॉकला चिडवतात, तो प्रसंग पाहताना मला वाळवंटाकडे निघालेलं ते कार्टूनमधलं पोरगंच दिसत राहिलं.

रंग फारच खटकले तर एक करून पाहा. गेल्या महिन्यात माझ्या पुतणीने सरांच्या टीव्हीवरचा रंग कमी करत करत शून्यावर आणला. गुलाबी गेलं. कर्क, स्पॉक, स्कॉटी सगळे राखाडी झाले आणि रेषा एकदम नीट दिसायला लागल्या. मिरजेचा मित्र सोफ्यावरून उठून टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला, काकूंच्या घरी बसायचो तसा. त्याच्या मागून मीही खाली सरकलो.