वादग्रस्त माणूस अडचणीत सापडला तर त्याला मदत करावी का?

करावी. विनोद कांबळीचंच बघा. 17 कसोटींत 54ची सरासरी, 1993 मध्ये लागोपाठ दोन द्विशतकं. पुढे दारू, वाद. आजारपण आलं तेव्हा 'आपल्या कर्माची फळं' म्हणणारे कमी नव्हते. असतीलही बरोबर, पण त्याने औषधाचं बिल भागत नाही! गावसकरांच्या चॅम्प्स फाउंडेशनने 2025 पासून त्याला दरमहा 30,000 रुपये सुरू केले. कपिल देव यांचा सूर जरा वेगळा होता: आम्ही पाठीशी आहोत, पण आधी त्याने स्वतःला सावरावं. मला दोन्ही पटतं. तुमच्या ओळखीतला कुणी असेल आणि व्यसनाची शंका असेल, तर रोख देऊ नका. दवाखान्याचं बिल, किराणा परस्पर भागवा. आणि ज्यांना त्याने बुडवलंय, त्यांच्यासमोर त्याची वकिली करत बसू नका.