गोल्फमध्ये शंभरच्या आत स्थिरावायचे असेल तर ग्रीनभोवतीच्या फटक्यांकडे वळा

तुम्ही लिहिले आहे की गेले वर्षभर तुमचा गोल्फचा स्कोअर, म्हणजे एका राउंडला लागणारे एकूण फटके, ९८ ते १०२ यांच्यात अडकला आहे आणि आता नवा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्यासाठीचा क्लब) घ्यावा का, असा प्रश्न तुम्हाला पडला आहे. माझे स्पष्ट मत असे, की तो खर्च तूर्त थांबवावा आणि पुढचे तीन महिने ग्रीनपासून, म्हणजे होलभोवतीच्या अगदी आखूड गवताच्या जागेपासून, पन्नास यार्डांच्या आतल्या खेळाला द्यावेत.

याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवून दिले, की खेळाडू-खेळाडूंमधल्या फरकाचा मोठा भाग लांब फटक्यांतून येतो. मात्र नोकरी सांभाळून आठवड्याला दोन-तीन तास काढणाऱ्या माणसाला ड्राइव्ह वीस यार्डांनी वाढवायला जेवढा काळ लागतो, त्याच्या कितीतरी कमी काळात ग्रीनजवळ वाया जाणारे चार-पाच फटके वाचवता येतात, हा माझा अनुभव आहे.

हे फटके वाया कसे जातात ते मी स्वतः भोगले आहे. एका पार-४ होलवर (जिथे चार फटके अपेक्षित असतात) माझा दुसरा फटका ग्रीनच्या काठापासून जेमतेम दहा पावलांवर थांबला होता. मध्ये बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, नव्हता, गवतही आखूड होते. तरीही मी ६० अंशांची वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारा क्लब, काढली. पहिल्या वेळी क्लब चेंडूमागच्या मातीत रुतला आणि चेंडू हातभरच सरकला. दुसऱ्या वेळी क्लबची खालची कड चेंडूच्या मध्यावर बसली आणि तो ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये गेला. त्या होलवर मला आठ फटके लागले. आठ नंबरच्या आयर्नने चेंडू नुसता ग्रीनवर टेकवून घरंगळू दिला असता, तर पाचावर सुटलो असतो.

म्हणून चेंडू जितका कमी उडवून भागेल तितका कमी उडवावा. सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनवर पिचिंग वेजने चिप केलेला (छोट्या, कमी उंचीच्या फटक्याने मारलेला) चेंडू हवेत जितके अंतर कापतो त्याच्या साधारण दुप्पट घरंगळतो, नऊ नंबरने तिप्पट आणि आठ नंबरने चौपट. त्यामुळे नजर झेंड्यावर न ठेवता चेंडू जिथे टेकायचा त्या जागेवर ठेवावी. सरावाच्या ग्रीनवर काठापासून दोन पावले आत हातरुमाल पसरा आणि एकाच क्लबने वीस चेंडू त्यावर टाकायचा प्रयत्न करा. उजव्या हाताने खेळत असाल तर वजन सुरुवातीपासून डाव्या पायावर असावे आणि फटका पूर्ण होईपर्यंत तिथेच राहावे. चेंडू उचलण्याच्या ओढीने ते मागे गेले की माझ्यासारखीच गत होते.

बंकरबद्दल थोडक्यात सांगतो. सँड वेजचे तोंड उघडे ठेवा, चेंडूच्या सुमारे दोन इंच मागे वाळूत क्लब घाला आणि स्विंग अर्ध्यावर सोडू नका. फटक्याआधी सरावाच्या स्विंगमध्ये क्लब वाळूला लागला तर दोन फटक्यांचा दंड बसतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

पटिंगचा, म्हणजे ग्रीनवर पटर या क्लबने चेंडू होलकडे घरंगळवण्याचा, विचार मात्र सविस्तर करायला हवा. पार ७२ च्या कोर्सवर प्रत्येक ग्रीनवर दोन पट गृहीत धरले, तर ३६ फटके, म्हणजे बरोबर अर्धे, पटरचे असतात. आपल्या पातळीवर तीन पट लागतात ते बहुधा अंतर चुकल्यामुळे. तीस फुटांवरून दिशा चुकली तरी चेंडू दोन-तीन फूटच बाजूला राहतो, पण जोर चुकला तर सहा-सात फुटांचा दुसरा पट उरतो, आणि आठ फुटांवरून तर टूरवरचे व्यावसायिकसुद्धा निम्म्याच्या आसपासच चेंडू होलमध्ये घालतात. म्हणून दहा, वीस आणि तीस फुटांवरून आळीपाळीने पट करा आणि दर वेळी मान वर करण्याआधी चेंडू अपुरा पडला की पुढे गेला, हे मनाशी ठरवा.

पुढच्या पाच राउंडमध्ये स्कोअरकार्डवर प्रत्येक होलसमोर दोन आकडे लिहा: पन्नास यार्डांच्या आत आल्यावर लागलेले एकूण फटके आणि त्यांतले पट. ते आकडे इथे कळवलेत, तर आधी चिप सुधारायची की पटिंग, हे मी नेमके सांगू शकेन.