ठाण्यात परदेशी कंटेम्पररी डान्सचा प्रयोग आणला तर लोक येतील का?

तुम्ही विचारलंय की मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात होतात तसे परदेशी कंटेम्पररी डान्सचे, म्हणजे शास्त्रीय चौकटीबाहेरच्या आजच्या नाचाचे शो ठाण्यात केले तर प्रेक्षक मिळेल का आणि सुरुवात कुठून करायची. मी ठाण्यातच बॅकस्टेज करते, नाटकांचं जास्त, डान्सचं मिळेल तेव्हा. प्रेक्षक मिळतो हो, अडतं ते फ्लोअरवर आणि वेळेवर.

बघा, हे डान्सर बहुतेक वेळा अनवाणी नाचतात, लोळतात, गुडघ्यांवर पडतात, पाठीवर घसरत जातात, आणि आपलं स्टेज म्हणजे वर्षानुवर्षं सेट ठोकून काढलेलं लाकूड, कुठे खिळ्याचं डोकं वर आलेलं, कुठे फळीची कपची निघालेली. म्हणून डान्स कंपनीच्या टेक रायडरमध्ये, म्हणजे स्टेजवर काय काय लागेल त्या यादीत, डान्स फ्लोअर हवाच असतो, म्हणजे व्हिनाइलचे लांब पट्टे, ते अंथरायचे, सुरकुत्या बसू द्यायच्या, जोडांवर टेप मारायची. त्याआधी मी सगळ्या स्टेजवरून हात फिरवते कारण बारीक खिळा डोळ्याला दिसत नाही, हातालाच लागतो. लाइट्सचंही तेच, नाटकात चेहरा दिसायला हवा म्हणून समोरून प्रकाश, डान्सला विंगेतून, पार पोटरीच्या उंचीपासून, म्हणजे सगळं नव्याने लावा. आणि नाट्यगृह मिळतं सत्रावर. दुपारी नाटक आणि रात्री तुमचा शो, हे जमत नाही, अख्खा दिवस घ्या. शनिवार-रविवार नाटकांना लागतात, तेव्हा मधला वार बघा. ठाण्यातलं गडकरी, घाणेकर, वाशीचं विष्णुदास भावे, कुठलंही नाट्यगृह असो, बुकिंगआधी स्टेज स्वतः बघून या.

म्हणूनच पहिल्यांदा मोठ्या कंपनीच्या मागे लागू नका. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशच्या 1975 च्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’मध्ये रंगमंचभर माती पसरलेली असते, ग्रेटच काम आहे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नाटक असलेल्या थिएटरात ते कसं करणार? एक ते तीन डान्सरचं, तासाभराचं, सेट नसलेलं काम शोधा. जर्मनीची गोएथे, फ्रान्सची आलियाँस फ्रांसेज, स्वित्झर्लंडची प्रो हेल्वेशिया अशा सांस्कृतिक संस्था कलाकारांच्या भारत दौऱ्यांना मदत करतात, मुंबई किंवा बंगळुरूला कोणी येणार असेल तर त्यांना आधीच गाठून एक दिवस जास्तीचा मागा, विमानाचा खर्च बराच वाचतो. मानधन ठरवताना सीएला बसवा, परदेशी कलाकारावर 20 टक्के टीडीएस आणि वर सेस धरावा लागतो, आणि रक्कम टॅक्स धरून की सोडून हे मेलमध्ये स्पष्ट लिहा. व्हिसा कुठल्या प्रकारचा हेही तेव्हाच विचारा.

आता प्रेक्षक. ठाण्यात गल्लोगल्ली कथक-भरतनाट्यमचे क्लास आहेत, पहिलं आमंत्रण तिथे. ब्रिटिश डान्सर अक्रम खान लंडनमध्ये कथक गुरू प्रताप पवारांकडे कथक शिकला आणि तिथून कंटेम्पररीत आला, हे त्या मुलींना सांगितलं की त्यांना ते परकं राहत नाही. आदल्या दिवशी क्लासमध्ये दोन तासांचं वर्कशॉप ठेवा, मुली येतील, दुसऱ्या दिवशी आईबाबांना घेऊन येतील.

दुसरा प्रेक्षक नाटकवाला, आणि मला तो फार आवडतो. तिसऱ्या घंटेनंतर शांत बसायची त्याला सवय आहे. त्याला फक्त आधी भाषण देऊन अर्थ समजावू नका, शोनंतर मराठीत गप्पा ठेवा. एका शोनंतर एका काकूंनी डान्सरला विचारलं, ‘पडताना लागत नाही का गं?’ आणि ती लगेच मॅटवर गेली, आधी पोटरी, मग मांडी, मग खांदा, असं अंग हळूहळू कसं जमिनीला द्यायचं ते करून दाखवलं, पुढच्या रांगेतले लोक उठून स्टेजपाशी आले. एवढं कळलं की पुढच्या वेळी तेच लोक स्वतः तिकीट काढतात.

तिकीट नाटकाच्या आसपासच ठेवा, फुकट पास वाटू नका, क्लासच्या मुलींना सवलत द्या. आणि नाट्यगृहाची तारीख लेखी हातात आल्याशिवाय कंपनीला हो म्हणू नका, त्यांची पुढच्या शहराची तिकिटं त्या एका मेलवर निघतात.