वाचकांचे प्रश्न : एम-टू राहिला, वर्ष गेले

प्रश्न : कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, २०१९ पॅटर्न (त्या वर्षीचा अभ्यासक्रम). दुसऱ्या वर्षाचे एम-थ्री (गणित-३) आणि डिस्क्रीट मॅथ्स राहिले. पण पहिल्या वर्षाचा एम-टू (गणित-२) अजून सुटला नाही, म्हणून वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया) लागला. मित्र म्हणतात, दुसऱ्या वर्षाचे विषय ताजे आहेत, ते आधी उरक. काय करू?
— एक विद्यार्थी, आंबेगाव बुद्रुक

उत्तर : मित्रांचे ऐकू नकोस. आपल्या पुणे विद्यापीठात पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. बाकीचे दोन्ही सुटले आणि एम-टू अडला, तर पुढच्या जूनमध्ये तू पुन्हा याच जागी असशील. तेव्हा फॉर्म तिन्ही विषयांचा भर, पण वेळेचा निम्मा वाटा एम-टूला दे. कॉलेज सुटलेल्या मुलांपर्यंत नोटीस पोहोचत नाही. एक्झाम सेलमध्ये आठवड्यातून एक चक्कर मार. फॉर्मची तारीख हुकून सहा महिने गेलेली मुले दर सत्रात भेटतात.

एंडसेम, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, ७० गुणांची, युनिट ३ ते ६ वर. अप्पा बळवंत चौकातून सोडवलेल्या पेपरांचा संच घे आणि मागच्या सहा पेपरांतले प्रश्न युनिटनिहाय वहीत उतरव. तेच साचे फिरून फिरून येतात, हे दोन दिवसांत दिसेल. मग पुस्तक मिटून सोडव. सोडवलेले उत्तर वाचून 'समजले' वाटणे हाच गणितातला सगळ्यात मोठा चकवा आहे, आणि वारंवार नापास होणारी बहुतेक मुले त्यातच अडकतात.

एम-टूमध्ये मल्टिपल इंटिग्रल आणि कर्व्ह ट्रेसिंग (वक्र रेखाटणे) आधी धर. इंटिग्रेशनची ऑर्डर बदलायच्या गणितात चूक इंटिग्रेशनमध्ये क्वचितच होते. आकृती न काढता लिमिट बदलली जातात, तिथेच गाडी घसरते. आधी प्रदेश काढ, त्यात पट्टी आडवी की उभी ते ठरव, मगच लिमिट लिही. पोलर निर्देशकांत जाताना डीएक्स-डीवायच्या जागी आर-डीआर-डीथीटा येते. तो एक 'आर' विसरला की पुढचे सगळे बरोबर असूनही उत्तर चुकते. कर्व्ह ट्रेसिंगमध्ये सममिती, मूळबिंदू व तिथल्या स्पर्शिका, अक्षांचे छेद, असिम्टोट (अनंतस्पर्शी रेषा), वक्र कुठे नाही तो भाग, हा क्रम ठेव. आकृती थोडी वाकडी आली तरी पायऱ्यांचे गुण पदरात पडतात.

एम-थ्रीतली न्यूमरिकल मेथड्सची दोन युनिटे म्हणजे हक्काचे गुण, फक्त कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये हवा. कॉस एक्स वजा एक्स गुणिले ई-चा-एक्सवा घात याचे न्यूटन-रॅफसनने मूळ ०.५१७८ च्या आसपास येते. डिग्रीवर ठेवून केलेस तर भलतेच काही येईल आणि चूक सापडणारही नाही. पायऱ्या चार दशांश स्थळांपर्यंत ठेव, मधेच त्याहून कमी स्थळांवर राउंड-ऑफ करू नकोस. सिम्पसनच्या १/३ नियमाला भागांची संख्या सम लागते, ३/८ ला तीनच्या पटीत. सात किमती दिल्या म्हणजे भाग सहा. इथे सात धरून 'एच' (एका भागाची रुंदी) काढणारे कमी नाहीत.

डिस्क्रीट मॅथ्स शेवटचे तीन आठवडे. व्याख्या लिहून पाठ कर. ग्राफ थिअरीत ऑयलर (प्रत्येक कडेवरून एकदा) आणि हॅमिल्टन (प्रत्येक बिंदूतून एकदा) या मार्गांची गल्लत होते.

२०१९ पॅटर्नच्या परीक्षा कायम चालू राहणार नाहीत, हेही डोक्यात असू दे.

प्रश्न : मुलगी इंजिनिअरिंगच्या दोन विषयांत ३५ आणि ३७ गुणांवर नापास झाली. थेट पुनर्मूल्यांकन करावे का?
— एक पालक, चिंचवड

उत्तर : आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, अर्ज ऑनलाइन होतो. ती आल्यावर तीन गोष्टी पाहा : एखादा प्रश्न तपासायचाच राहिला का, आतले गुण मुखपृष्ठावर नीट उतरले का, बेरीज बरोबर आहे का. त्यानंतर विषयाच्या शिक्षकांसमोर पत्रिका ठेवा. 'पास व्हायला कमी पडलेले गुण कुठे वाढतील' ते त्यांना प्रश्नाच्या क्रमांकासह सांगता आले, तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. नुसत्या आशेवर भरू नका. फोटोकॉपीची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, घरात चर्चा करण्यात ती संपते. शिवाय पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट पाहत बॅकलॉगचा (राहिलेल्या विषयांचा) फॉर्म भरायचा राहू देऊ नका. नंतर विषय सुटला तर फी गेली एवढेच.

मुलगी जेवत-झोपत नसेल, तर गुणांची बोलणी बाजूला ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. त्यावर मराठीतही बोलता येते आणि पालकांनी स्वतः फोन केला तरी चालतो.

प्रश्न : सुटलेला बॅकलॉग मुलाखतीत सांगावा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : विचारले तर सांगा, एका वाक्यात. गुणपत्रिका त्यांच्या हातात येणारच आहे. बऱ्याच कंपन्या अर्जात 'लाइव्ह बॅकलॉग' विचारतात, म्हणजे अजून राहिलेला. सुटलेला त्यात मोजू नका. पण प्रश्न आजवरच्या सगळ्या बॅकलॉगचा असेल तर खरा आकडा भरा. फॉर्म दोनदा वाचा.